ओल कमी कर, हवा वाढव

वाचकाचं पत्र

ताई, मी भांडुपला राहतो, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरात आई-बाबा, आजी आणि आजीची लव्हबर्डची जोडी. मे महिन्यात एका ओळखीच्या मुलाकडून मी पिंकटो टॅरेंटुला, म्हणजे झाडावर राहणारा मोठा कोळी, घेतला. पाय पसरले की सहाएक सेंटिमीटर भरतो. माशांची दोन फुटी जुनी टाकी होती, तिच्यात कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरून त्याला ठेवलंय. वर काचेचं झाकण आहे. देणाऱ्याने सांगितल्याप्रमाणे रोज सकाळ-संध्याकाळ स्प्रेने पाणी मारतो. पण तो खाली उतरतच नाही, झाकणाखालच्या कोपऱ्यात जाळं करून बसतो. स्वयंपाकघरात पकडलेली झुरळं आधी खायचा, आता तीन आठवडे काहीच खात नाही. कोकोपीटवर पांढरी बुरशीही दिसते. आई म्हणते, पावसाळा आहे, डासांचं मशीन रात्रभर चालू राहणारच. आजी विचारते, हा माझे पक्षी खाईल का? तो आजारी आहे का? आणि एक मित्र म्हणतो की येऊरच्या जंगलात झाडावरचे टॅरेंटुला मिळतात, तिथून आणखी एक आणू या. आणावा का?
— एक वाचक, भांडुप

मित्रा,

तीन आठवडे उपास म्हणजे आजार नव्हे. टॅरेंटुला कात टाकायच्या आधी आठवडेच्या आठवडे खात नाहीत, मोठे झालेले तर महिनोन्‌महिने थांबू शकतात. मला काळजी वाटली ती तुझ्या पत्रातल्या दुसऱ्याच दोन गोष्टींची, काचेचं बंद झाकण आणि ती पांढरी बुरशी. पुढचं सगळं सावकाश वाचलंस तरी चालेल, पण फवारणी आजपासून बंद कर आणि झाकणाची सोय आज रात्रीच बदल.

पिंकटो मूळचा दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातला, गयाना, सुरिनाम, फ्रेंच गयाना आणि ब्राझीलकडचा. तिकडे पाऊस भरपूर पडतो हे खरं आहे, आणि त्यावरूनच ‘याला सतत ओल लागते’ अशी समजूत पसरली. पण हा जमिनीतल्या बिळात राहणारा कोळी नाही. झाडाच्या सालीमागे, पानांच्या बेचक्यात, कधी घराच्या वळचणीला रेशमाची नळी विणून राहतो. पाऊस पडतो, वारा लागतो, तासाभरात सगळं कोरडं होतं. त्याच्या पोटाखाली फुप्फुसांच्या दोन जोड्या असतात, पुस्तकाच्या पानांसारख्या पातळ पापुद्र्यांच्या. आपल्यासारखी छाती फुगवून हवा आत ओढायची सोय त्याच्याकडे नाही, भोवती जी हवा असेल ती आपसूक आत जाते. कोंदट, ओल्या, बुरशी धरलेल्या पेटीत पिंकटोची पिल्लं काल ठणठणीत तर आज मेलेली, हा अनुभव जगभरच्या पाळणाऱ्यांनी घेतलाय. उपाशी राहून मरणारे त्या मानाने फार थोडे.

रोज फवारा मारायचा सल्ला बहुतेक थंड देशांतल्या व्हिडिओंमधून आपल्याकडे आलाय. तिथे हिवाळ्यात घरं हीटरने तापवलेली असतात, हवा कोरडी ठाक पडते. मुंबईत जुलैत हवेतली आर्द्रता आपसूक 80 टक्क्यांच्या वर असते, मिठाची बरणी उघडली तरी कळतं. इथे बाटलीने आणखी पाणी मारायचं कारणच नाही.

आता घराचं बघू. टाकी माशांसाठी बरी, कारण ती आडवी पसरट असते. झाडावरच्या कोळ्याला उंची हवी. त्यातही टाकीची अडचण अशी की ती वरून उघडते आणि हा बसतो नेमका वर. म्हणजे तू झाकण उचललंस की दरवेळी त्याचं विणलेलं घर फाटतं आणि तो थेट तुझ्या मनगटापाशी. बिचारा पळणार कुठे?

तुझ्या कोळ्याच्या मापाला साधारण 12 सेंमी लांब-रुंद आणि 20 सेंमी उंच डबा पुष्कळ झाला. पारदर्शक, घट्ट झाकणाची प्लास्टिकची बरणी घे आणि उलटी कर, म्हणजे झाकण खाली येईल आणि जाळं वरच्या बुडाशी सुरक्षित राहील. नाहीतर समोरून दार उघडणारी अ‍ॅक्रिलिकची पेटी बनवून घे. मुंबईत साइनबोर्ड करणारे लोक मापाने अ‍ॅक्रिलिक कापून, चिकटवून देतात. पुढे तो पूर्ण वाढला, पाय पसरून 12-13 सेंमीचा झाला, की 20 सेंमी लांब-रुंद आणि 30 सेंमी उंच पेटी लागेल. आत्ताच एवढी मोठी घेऊ नकोस, लहान कोळ्याला मोठ्या जागेत भक्ष्य सापडत नाही आणि त्याने खाल्लं की नाही ते तुलाही कळत नाही.

भोकांबद्दल कंजूषपणा नको. समोरासमोरच्या दोन बाजूंना, एका बाजूला खालच्या अंगाला आणि दुसऱ्या बाजूला वरच्या अंगाला भोकांच्या रांगा पाड, म्हणजे हवा आरपार जाईल. नुसती वर भोकं पाडून भागत नाही, खालची ओली हवा तिथेच साचून राहते. सोल्डरिंगची सळई किंवा तापवलेला खिळा चालतो. हे काम डबा रिकामा असताना, खिडकीपाशी कर आणि मग डबा धुऊन दिवसभर उघडा ठेव, जळक्या प्लास्टिकचा वास राहायला नको. भोक कोळ्याच्या डोक्याच्या भागापेक्षा स्पष्ट लहान हवं. पोट दबतं, पण तो कडक भाग जिथून जातो तिथून अख्खा कोळी जातो.

आत तळाला चारेक सेंमी कोकोपीट, कोरडं. झाडांच्या कुंडीसाठी मिळणारं घेतलंस तर त्यात खत मिसळलेलं नाही ना ते वाच. त्यावर सालीचा एक उभा तुकडा, पेटीच्या भिंतीला तिरका टेकवलेला, मागे बोटभर फट राहील असा. बुचाची साल मिळाली तर उत्तम, तिला बुरशी लवकर धरत नाही. नाही मिळाली तर नारळाची करवंटी किंवा वाळलेल्या बांबूचा उभा चिरलेला तुकडा उकळून, उन्हात खडखडीत वाळवून वापर. रस्त्याकडेच्या झाडाची साल तोडून आणू नकोस, त्यावर मुंग्या असतात आणि कधी कीटकनाशकही. सालीच्या वरच्या टोकाशी प्लास्टिकची दोन-चार पानं लाव. जाळं विणायला त्याला आधाराचे बिंदू हवे असतात, ते मिळाले की तो दोन-तीन दिवसांत स्वतःचं घर स्वतः बांधतो. पाण्यासाठी बाटलीचं झाकण पुरे, स्वच्छ पाण्याने भरलेलं. त्यात स्पंज किंवा कापूस टाकू नकोस, तो सडतो.

ऋतूंचं गणित मुंबईत सोपं आहे. जून ते सप्टेंबर पाण्याचं झाकण भरलेलं ठेव, बाकी काही करू नकोस. डिसेंबर ते फेब्रुवारी हवा जरा कोरडी होते, तेव्हा आठवड्यातून एक-दोनदा पेटीच्या एकाच बाजूला थोडे थेंब मार, काही तासांत सुकतील एवढेच. त्याच्या अंगावर मारू नकोस. 24 ते 30 अंश त्याला मानवतात, म्हणजे आपली खोली जशी असते तशी. दिवा, हीटिंग मॅट यांवर पैसे घालवू नकोस. एसी असलेल्या खोलीत हवा फार सुकते, तिथे ठेवलास तर पाण्याकडे लक्ष हवं. खिडकीच्या उन्हात मात्र कधीच नको, मे महिन्यात बंद प्लास्टिकची पेटी अर्ध्या तासात भट्टी होते.

आता आईच्या मशीनबद्दल. तुझ्या पत्रातला सगळ्यात अवघड भाग हाच. डासांच्या लिक्विडमध्ये बहुधा ट्रान्सफ्लुथ्रिन असतं. हे पायरेथ्रॉइड गटातलं रसायन आहे, कीटकांच्या मज्जातंतूंवर काम करतं. कोळी कीटक नाही, पण त्याचे मज्जातंतू या विषापुढे तितकेच दुबळे आहेत. कॉइल, उदबत्तीसारख्या मिळणाऱ्या डासकांड्या आणि झुरळांचे स्प्रे बहुतेक याच घराण्यातले. बंद खोलीत रात्रभर मशीन चालू असेल तर कोळी लटपटायला लागतो, पाय आत ओढतो, जाळ्यातून खाली पडतो. वेळीच बाहेर काढला तरी तो वाचेलच असं नाही.

पण आई चुकत नाहीये. पावसाळ्यात मुंबईत मलेरिया आणि डेंग्यू खरे आहेत, घरात आजी आहे. तिला डासांच्या स्वाधीन करून कोळी पाळायचा, हे मी तुला कधीच सांगणार नाही. म्हणून वाटाघाट कर. खिडक्यांना जाळी बसव, आजीच्या पलंगाला मच्छरदाणी लाव, मशीन झोपायच्या खोलीपुरतं ठेवायला सांग आणि पेटी ज्या खोलीत मशीन कधीच लागत नाही तिथे ने. दार बंद ठेव, त्या खोलीची खिडकी उघडी. एकही अशी जागा घरात नसेल, तर पावसाळा संपेपर्यंत हा कोळी एखाद्या मित्राच्या घरी ठेवणं हेच त्याच्यावरचं प्रेम. पालिकेचे लोक सोसायटीत धुराची फवारणी करायला येतात तेव्हा खिडक्या लाव आणि पेटी घराच्या आतल्या बाजूला ने, धूर गेला की परत हवेशीर जागी. पेस्ट कंट्रोल होणार असेल तर पेटी आदल्या दिवशीच घराबाहेर हलव आणि चांगले आठ-दहा दिवस आणू नकोस. डास पळवणारं क्रीम हाताला लावलं असेल तर साबणाने हात धुतल्याशिवाय पाण्याच्या झाकणालाही हात लावू नकोस.

याच कारणासाठी स्वयंपाकघरातली झुरळं बंद. ते झुरळ तुझ्या घरात सापडलं तरी कदाचित शेजारच्या घरातलं झुरळं मारायचं जेल खाऊन आलेलं असतं. इमारतीत कुणी ना कुणी पेस्ट कंट्रोल केलेलं असतंच. आत्तापर्यंत निभावलं, हे नशीब.

मग द्यायचं काय? रातकिडे, पाळलेली ड्युबिया झुरळं, मीलवर्म म्हणजे भुंग्याच्या अळ्या. पक्ष्यांचं खाद्य विकणाऱ्या दुकानांत मीलवर्म मिळतात, क्रॉफर्ड मार्केटच्या पाळीव प्राण्यांच्या गल्लीत विचार. रातकिडे रात्रभर किरकिरतात, लहान घरात आजीची झोप मोडेल. ड्युबिया मला जास्त पसंत, गुळगुळीत भिंतीवर चढता येत नाही, आवाज नाही, वास कमी, गाजर आणि ओट्सवर जगतात. ‘झुरळं पाळणार’ हे आईला सांगताना मात्र डबा आधी दाखव, झाकण बंद असलेला. देण्याच्या आदल्या दिवशी त्यांना गाजर, कोंडा असं चांगलं खायला घाल, ते पोषण पुढे कोळ्याला मिळतं.

भक्ष्य कोळ्याच्या पोटाच्या भागाएवढं किंवा त्याहून लहान असावं. तुझ्या कोळ्याच्या मापाला पाच-सात दिवसांतून एक पुरे, पूर्ण वाढल्यावर सात-दहा दिवसांतून एक-दोन. किती द्यायचं हे कॅलेंडरपेक्षा त्याचं पोट चांगलं सांगतं. पोट डोक्याच्या भागापेक्षा थोडं मोठं, गोलसर दिसलं की बस. द्राक्षासारखं टम्म फुगलं असेल तर थांब, झाडावरचा कोळी भरल्या पोटाने उंचावरून पडला तर पोट फुटू शकतं. पोट सुरकुतलं, आक्रसलं तर आधी पाण्याचं झाकण बघ, तहान हे त्याचं पहिलं कारण असतं.

हा जमिनीवर फारसा उतरत नाही, म्हणून खाली सोडलेलं भक्ष्य दिवसेंदिवस तिथेच फिरत राहतं आणि मीलवर्म तर कोकोपीटमध्ये गडप होतो. संध्याकाळी दिवे मंद कर, लांब चिमट्याने भक्ष्य नळीच्या तोंडाशी सालीवर ठेव. मीलवर्म असेल तर त्याचं डोकं आधी चिमटून टाक. चोवीस तासांत खाल्लं नाही तर काढून घे. खाल्ल्यावर तो एक काळपट गोळी टाकतो. कोळी भक्ष्यावर पाचक रस सोडतो आणि विरघळलेलं शोषून घेतो, उरतो तो हा चोथा. पावसाळ्यात तो दुसऱ्या दिवशीच उचल, नाहीतर बुरशी आणि बारीक माश्या दोन्ही येतात. पाल, उंदराचं पिल्लू वगैरे देण्याची काही गरज नाही, मित्र कितीही आग्रह करोत.

मुंग्यांचं सांगायचं राहिलं. मुंबईच्या घरात मुंग्या कुठूनही येतात आणि कात टाकणाऱ्या कोळ्याला जिवंत कुरतडतात. त्यावर घरोघरी जो उपाय गुळाच्या डब्याला करतात तोच कर. परातीत पाणी, मध्ये पालथी वाटी, वाटीवर पेटी. लक्ष्मणरेषेचा खडू पेटीजवळ ओढू नकोस, तेही कीटकनाशकच आहे.

आता तुझ्या कोळ्याच्या उपासाकडे परत येते. तो जाळ्याची नळी दोन्ही तोंडांनी बंद करत असेल, रंग फिका, धुरकट झाला असेल, पोट भरलेलं असूनही नको म्हणत असेल, तर कात येतेय. नव्या पेटीत हलवायचं ते त्याने नळी पूर्ण बंद केलेली नसेल तरच. केली असेल तर कोळ्याला हलवू नकोस. काचेचं झाकण हळूच सरकव, जाळं जिथे चिकटलंय तो कोपरा तसाच ठेव आणि उघड्या भागावर बारीक जाळी नीट बांध. खालचं ओलं, बुरशी आलेलं कोकोपीट हलक्या हाताने काढून घे. घर बदलायचं काम कातीनंतर.

कात टाकताना तो पाठीवर उताणा पडतो. मेला समजून त्याला सरळ करायला जाऊ नकोस, ओल्या मऊ अंगाला बोट लागलं तरी पाय निकामी होतात. मेलेल्या कोळ्याचे पाय पोटाखाली मुडपलेले असतात आणि तो बहुधा उताणा नसतो, हा फरक लक्षात ठेव. कातीनंतर त्याचे सुळे पांढरे असतात, मग लालसर, मग काळे. काळे होईपर्यंत खाणं द्यायचं नाही. तुझ्या कोळ्याच्या मापाला आठवडाभर, मोठ्याला दोन आठवडे. रातकिडा आत राहिला तर या दिवसांत तोच कोळ्याला खातो.

रंगाचीही एक गंमत बघायला मिळेल. लहानपणी पिंकटोचे पाय गुलाबी आणि टोकं काळी असतात, मोठेपणी बरोबर उलट, अंग काळं आणि पावलं गुलाबी. प्रत्येक कातीला तो बदल थोडा थोडा पुढे सरकतो. उतरलेली कात जपून ठेव, पोटाच्या आतल्या बाजूवरून नर की मादी ते जाणकाराला ओळखता येतं. मादी असेल तर दहाएक वर्षांची सोबत धर, नर वयात आल्यावर फार जगत नाहीत.

आजीच्या प्रश्नाला मुळं आहेत. मारिया सिबिला मेरियन नावाच्या चित्रकर्तीने सुरिनाममध्ये राहून तिथले किडे रंगवले. 1705 साली छापलेल्या तिच्या एका चित्रात पेरूच्या फांदीवर असाच कोळी हमिंगबर्डला खाताना दाखवलाय. जीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने 1758 मध्ये याला अ‍ॅव्हिक्युलेरिया हे पक्ष्याशी जोडलेलं नाव दिलं. पण याचं रोजचं जेवण म्हणजे किडे. लव्हबर्ड त्याच्या कितीतरी पट मोठा, आजीने निश्चिंत राहावं. उलट, पेटी उघडी राहिली तर चोच कोळ्याला महागात पडेल. पिंजरा आणि पेटी वेगळ्या खोल्यांत ठेव.

हातावर घेऊ नकोस. तो चावरा म्हणून नव्हे. याचं विष माणसाला फारसं त्रासदायक नाही, पोटावरचे बारीक केस कातडीला लागले तर खाज सुटते एवढंच. पण घाबरला की तो उडी मारतो, आणि तुझ्या हातापासून लादीपर्यंतचं अंतर त्याला जीवघेणं ठरू शकतं.

येऊरच्या प्रश्नाला माझं उत्तर एकच, अजिबात आणू नकोस. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि राष्ट्रीय उद्यानातून कोणताही जीव उचलणं वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. सह्याद्रीत झाडांच्या ढोलीत राहणारे आपले टॅरेंटुला पोसिलोथेरिया या गटातले. 2019 पासून तो सगळा गट साइट्स कराराच्या, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे. 2022 च्या दुरुस्तीनंतर आपल्या कायद्यात साइट्सच्या प्राण्यांसाठी वेगळी अनुसूची आली, तिच्यातले प्राणी बाळगणाऱ्याला सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. त्यांचाच एक भाऊबंद, निळा धातूसारखा चमकणारा, पहिल्यांदा सापडला तो आंध्रातल्या गुत्तीला, रेल्वेच्या लाकूड डेपोत. 1899 मध्ये त्याचं वर्णन छापलं गेलं आणि पुढे शंभर वर्षं तो पुन्हा कुणाला दिसला नाही. आज तो अतिसंकटग्रस्त यादीत आहे, राहायला 100 चौरस किलोमीटरपेक्षाही कमी जंगल उरलंय. असे जीव जुन्या, ढोल्या असलेल्या झाडांवर जगतात आणि आपण तीच झाडं आधी तोडतो. त्यात आपण जाऊन उरलेलेही उचलायचे? मित्राला सांग, बॅटरी घेऊन परवानगीच्या निसर्गफेरीला चल, बघू, फोटो काढू, परत येऊ. शिवाय हे कोळी विजेसारखे पळतात, त्यांचा चावा फार दुखतो आणि स्नायूंचे गोळे कित्येक दिवस येत राहतात. एका खोलीत आजीबरोबर ठेवायचा तो प्राणी नाही.

तुझा पिंकटो ज्याच्याकडून घेतलास त्याला विचार, हा इथेच पैदास झालेला आहे की बाहेरून आणलेला. परदेशी जिवंत प्राणी आणायला परवाना लागतो. कागद मागायला लाजू नकोस आणि पुढचा प्राणी कागदाशिवाय घेऊ नकोस. कधी सांभाळणं अशक्य झालं तर आरेत किंवा उद्यानात सोडून देऊ नकोस, मला पुन्हा लिही.

गणपतीला कोकणात जाणार असशील तर त्याला बरोबर नेऊ नकोस. एसटीचे धक्के, गरमी, गावच्या घरातला धूप, यातलं काहीच त्याला मानवणार नाही. निघायच्या दोन दिवस आधी एकदा खायला दे, चोथा काढ, पाण्याची दोन झाकणं भरून ठेव, परातीतलं पाणी काठोकाठ. ‘मधे भूक लागेल’ म्हणून जिवंत भक्ष्य आत सोडून जाऊ नकोस. आठ-दहा दिवस तो आरामात राहतो. चावी शेजाऱ्यांकडे देणार असशील तर दारावर आतून मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लाव, या खोलीत स्प्रे मारू नये.

तुझी ताई